रंगाखालचे जपताना

छोट्या सैनिकाचा, मावळ्याचा किंवा रेल्वेच्या डब्याचा जुना रंग उतरवायचा असला की प्रत्येक जण आधी एवढेच विचारतो, "हा रंग कशाने जाईल?" माझ्या मते हा प्रश्न अर्धा आहे. रंग घालवणारे पदार्थ स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि हार्डवेअरच्या दुकानात हवे तेवढे सापडतात. परंतु त्यांतले बरेचसे रंगाबरोबर खालची वस्तूही विरघळवतात, काही हाताची कातडी जाळतात आणि काहींची वाफ बंद खोलीत बराच वेळ रेंगाळते. म्हणून मी उलट्या बाजूने विचार करते. रंग गेल्यावर काय काय शाबूत राहायला हवे, ते आधी मनाशी ठरवावे: प्रतिकृतीवरचे बारीक काम, काम करणाऱ्याची बोटे आणि डोळे, घरातले मूल, घरातले मांजर, आणि धुतलेले पाणी शेवटी ज्या नाल्याला मिळते तो नाला. एवढे ठरले की कपाटातल्या निम्म्या बाटल्या तिथेच बाद होतात.

माझी सारी नोकरी रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. रंग लोखंडाला आणि लाकडाला घट्ट धरून कसा राहील, याचा विचार करण्यात ती वर्षे गेली. आता निवृत्तीनंतर बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी शेजारची आणि नात्यातली मुले नेमके त्याच्या उलट विचारायला येतात. कोणी टेबलावर मांडून खेळायच्या लढाईचे २८ मिलिमीटर उंचीचे प्लास्टिकचे योद्धे घेऊन येतो, कोणी डभोईच्या नॅरोगेज गाडीचे डबे करतो, आणि दिवाळीच्या आधी किल्ल्यावरचे मावळे घेऊन तर कोणी ना कोणी येतेच. "काकू, हा बिघडलाय, पुन्हा पहिल्यापासून रंगवायचाय," हे वाक्य मला प्रिय आहे, कारण ते म्हणणाऱ्याला वस्तू टाकून द्यायची नसते.

रंग उतरवायचाच कशाला, वरून पुन्हा का रंगवू नये, असेही काही जण विचारतात. २८ मिलिमीटरच्या आकृतीचे डोके जेमतेम चार-पाच मिलिमीटरचे असते. त्यावरची पापणी, ओठांची रेघ, पागोट्याचा पीळ हे सारे मिलिमीटरच्या अंशांत कोरलेले असते. ब्रशाने दिलेला रंगाचा एक थर वाळल्यावर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा जाड राहतो. असे चार-पाच थर चढले, त्यांतला एखादा थोडा जाडच लागला, की पापणी आणि गाल एक होतात. वरून कितीही कौशल्याने रंगवले तरी बुजलेले काम परत येत नाही. ते खाली जसेच्या तसे असते, फक्त मोकळे करावे लागते. म्हणूनच उतरवण्याच्या कामात घाई करून त्याच पापणीची धार घालवणे मला फार वाईट वाटते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे खाली काय आहे हे ओळखणे. इथे मी थोडी रेंगाळते, कारण सगळे नुकसान इथल्या अज्ञानातूनच होते. डबीत सुट्या भागांत मिळणारी आणि गोंदाने जोडायची बहुतेक मॉडेल्स पॉलिस्टायरीनची असतात. हेच पॉलिस्टायरीन फुगवले की थर्माकोल होतो, आणि थर्माकोलवर अ‍ॅसिटोनचे चार थेंब पडले की तो कसा बसतो ते पुष्कळांनी पाहिलेले असते. कडक प्लास्टिकच्या सैनिकाचेही तेच होते, फक्त अधिक सावकाश: आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग कडा गोल होतात, आणि शेवटी हाती गोळा येतो. नेलपॉलिश काढायचे नेहमीचे द्रव, रंगाऱ्याचा एनसी थिनर आणि पेट्रोल ही तिन्ही पॉलिस्टायरीनची शत्रू आहेत. पाकिटातून सुटे मिळणारे मऊ, वाकणारे सैनिक बहुधा पॉलिथिनचे असतात. त्यांच्यावर मुळात रंगच नीट धरत नाही, त्यामुळे कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रश मारला तरी पोपडे सुटतात. तिसरा प्रकार रेझिनचा, म्हणजे द्रवरूपात घेऊन घट्ट केलेल्या प्लास्टिकचा. ते ओतीव असते किंवा हल्ली थ्रीडी छापयंत्रावर थरावर थर देऊन घडवलेले असते. चौथा धातूचा.

ओळखण्यासाठी मी साधे पाणी वापरते. पॉलिथिन पाण्यावर तरंगते. पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे बुडते, पण त्याच पाण्यात विरघळेल तितके मीठ घातले की वर येते. पीव्हीसी मिठाच्या पाण्यातही तळालाच राहते. रंगाच्या जाड थराने किंवा पोटात अडकलेल्या हवेने हा हिशोब चुकू शकतो, म्हणून साच्यातून उरलेली चौकट किंवा तुटलेला तुकडा हाती असला तर परीक्षा त्याची घ्यावी. धातू वजनावरून लगेच कळतो, पण कोणता धातू हे पुन्हा पाहावे लागते. सैनिकांसाठी ओतला जाणारा मऊ पांढरा धातू म्हणजे कथिल, अँटिमनी आणि जुन्या ओतकामात शिसे यांचे मिश्रण. तर खेळण्यातल्या मोटारी आणि इंजिनांची अंगे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. जस्ताला तीव्र आम्लही खाते आणि तीव्र अल्कलीही खाते. संडास धुण्याच्या आम्लयुक्त द्रवात मोटार बुडवली तर रंग राहील आणि मोटारच झिजेल.

दुसरी गोष्ट वरचा रंग. हल्ली बाटलीतून मिळणारे बहुतेक मॉडेलचे रंग अ‍ॅक्रिलिक असतात. त्यांत प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडाले की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. तो पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही, पण अल्कोहोल त्यात शिरते, तो फुगतो, मऊ होतो आणि खालच्या पृष्ठभागाला धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते. इनॅमल वेगळे. ते तेलाच्या जातीचे, हवेतला ऑक्सिजन घेऊन महिनोन्महिने पक्के होत जाणारे. अल्कोहोल त्याला फारसे काही करत नाही. तिसरा म्हणजे गाड्यांना मारायचा डब्यातला स्प्रे. तो ज्या द्रावकात बनलेला असतो तेच द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवते, त्यामुळे प्लास्टिकवरचा असा स्प्रे काढण्याचा हट्ट मी करू देत नाही. तो पातळ आणि सारखा बसला असेल तर अस्तर म्हणून तसाच राहू द्यावा आणि त्याच्या वरचे अ‍ॅक्रिलिक तेवढे उतरवावे.

आता पदार्थांकडे वळते. अमेरिकेतले छंदिष्ट सिंपल ग्रीन या साफसफाईच्या द्रवाचे नाव घेतात, तिथले जुने रेल्वेवाले गाडीचे ब्रेक ऑइल वापरत आले, आणि ब्रिटनमध्ये डेटॉलचे नाव पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. यांतले डेटॉल रावपुऱ्यातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते, म्हणून मुले पहिल्यांदा त्याचीच बाटली घेऊन येतात. मी त्यांना बाटलीचे नाव बाजूला ठेवून मागची बारीक अक्षरे वाचायला लावते. आपल्याकडच्या डेटॉलच्या जंतुनाशक द्रवावर क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के, टर्पिनिऑल ९ टक्के आणि अल्कोहोल सुमारे १३ टक्के असे लिहिलेले असते. रंगाचे काम करतात ते मुख्यतः टर्पिनिऑल आणि अल्कोहोल. टर्पिनिऑल हा पाइनच्या तेलातला घटक. तो अ‍ॅक्रिलिकमध्ये हळूहळू मुरतो आणि पॉलिस्टायरीनला सहसा इजा करत नाही. सॅव्हलॉनची बाटली शेजारीच असते, कामही जखमा धुण्याचेच असते, पण तिच्यात क्लोरहेक्सिडिन आणि सेट्रिमाइड असतात आणि त्यांनी रंग सुटत नाही. लेबल वाचायची ही सवय मुलांना लागली की माझे अर्धे काम होते, कारण परदेशी यादीतले नाव इथल्या दुकानात नसले तरी त्यातला घटक कुठे मिळेल ते मग त्यांना स्वतःला शोधता येते.

डेटॉलबद्दल दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगाव्या लागतात. ते पातळ करून वापरले तर रंगावर उपयोग होत नाही, आणि न पातळ केलेले डेटॉल कातडीला चांगलेच झोंबते. म्हणून नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे घालायचे आणि डोळ्यांवर चष्मा ठेवायचा. दुसरी गोष्ट धुण्याची. डेटॉलमध्ये पाणी पडले की ते दुधाळ होते, कारण पाण्यात न मिसळणारी तेले वेगळी होतात. मऊ झालेला रंग अंगावर असताना सैनिक थेट नळाखाली धरला तर तीच तेले आणि तोच रंग मिळून काळपट, डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि तो कोरीव खाचांत जाऊन बसतो. आधी कोरड्या जुन्या दातांच्या ब्रशाने रंग काढावा, मग ताज्या डेटॉलमध्येच एकदा खळबळावे, मग भांड्यांच्या द्रवसाबणाने चोळावे, आणि सर्वांत शेवटी पाणी. हा क्रम सांभाळला तर काम स्वच्छ होते. शिवाय घरात मांजर असेल तर मी डेटॉल वापरूच देत नाही. मांजराच्या यकृताला क्लोरोझायलेनॉलसारखे फिनॉलच्या जातीचे पदार्थ नीट निकाली काढता येत नाहीत. सांडलेल्या थेंबावर पाय पडून तिने तो चाटला तरी ती आजारी पडू शकते. काळ्या फिनाइललाही हेच कारण लागू आहे, आणि रंगाच्या बाबतीत त्याचा उपयोग तसाही नाही.

माझी स्वतःची पसंती आयसोप्रोपिल अल्कोहोलला आहे. मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला ते वापरतात, त्यामुळे शहरात ते मिळते. गुजरातेत दारूबंदी असल्याने पॉलिशवाल्यांचे स्पिरिट सहजासहजी हाती लागत नाही, आणि लागले तरी घेऊ नये असे मी सांगते, कारण ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात मिथेनॉल घातलेले असू शकते. मिथेनॉल कातडीतूनही अंगात जाते आणि दृष्टी घालवते. ते पोटात गेल्यावर काय होते, हे २०२२ च्या जुलैत बोटादच्या विषारी दारूकांडात साऱ्या राज्याने पाहिले. आयसोप्रोपिलही पिण्याचे नव्हेच, पण बंद झाकणाच्या बरणीत, उघड्या खिडकीजवळ, हातमोजे घालून वापरले तर ते घरातल्या माणसाला सांभाळता येण्याजोगे आहे. ते मागे चिकटपणा ठेवत नाही आणि अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा काही तासांत सैल करते. हातांना लावायचे घट्ट सॅनिटायझर त्याच्या जागी वापरू नये. त्याला घट्टपणा आणणारा पदार्थ खाचांत वाळून बसतो. रेझिनच्या बाबतीत मात्र अल्कोहोलचा हात आखडता ठेवावा. विशेषतः छापयंत्रावर घडवलेले रेझिन जास्त वेळ बुडून राहिले तर फुगते आणि वाळताना तडकते. तिथे थोडा वेळ बुडवणे, काढणे, ब्रश मारणे आणि गरज पडली तर पुन्हा बुडवणे हाच मार्ग.

आयसोप्रोपिलचा खरा धोका आगीचा आहे, आणि तो आपल्या गावात अधिक आहे. शुद्ध आयसोप्रोपिलची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी होते, म्हणजे बडोद्यात जानेवारीतल्या दुपारीसुद्धा. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे असतो तेव्हा उघड्या वाटीतून ती किती वेगाने उठत असेल याची कल्पना करावी. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. आपल्या घरांत संध्याकाळी देवापुढे निरांजन लागते, उदबत्ती लागते, स्वयंपाकघरात गॅस पेटतो. म्हणून हे काम सकाळी, गच्चीत किंवा ओसरीवर, सावलीत करावे, आणि दिवेलागणीच्या आत बरणी घट्ट बंद करून ठेवावी. चष्मे किंवा दागिने हलवून धुण्याचे विजेचे यंत्र काहींच्या घरी असते. त्यात पाणी आणि साबण घातले तर उत्तम, पण अल्कोहोल कधीही ओतू नये, कारण ते यंत्र द्रव तापवते आणि आत विजेची जोडणी असते.

खालचे ओळखण्यावर मी एवढा भर देते त्याला आमच्याच गावातला एक जुना दाखला आहे. आमच्या घरापासून जवळच कलाभवनाची इमारत आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था सुरू केली आणि तिचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. कापड रंगवण्याचे शास्त्र त्यांनी इथे शिकवले. पुढे १९०७ साली अलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी राहिली तिच्या संस्थापकांतही ते होते. १८९६ साली मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. ते आपण केले असे दामोदर चाफेकरांनी नंतर सांगितले. त्या पुतळ्यावरचा डाग इतरांना निघेना, तो पुढे गज्जरांनी काढला. रंग लावण्याचे शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तो उतरवताही आला, याचे मला प्रयोगशाळेत असल्यापासून अप्रूप आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडले की वायू सुटतो आणि दगड खाल्ला जातो. घासावे तर झिलई जाते. डांबर विरघळवणारे द्रव सढळ हाताने ओतावे तर पातळ झालेले डांबर दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत आणखी खोल शिरते. डांबर घालवण्याइतकाच दगड राखण्याचा विचार केल्याशिवाय ते काम होण्यासारखे नव्हते. आमच्या बरणीतला सैनिक दोन बोटांएवढा असला तरी त्याच्यापुढे प्रश्न तोच असतो.

जे वापरू नये त्याबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट सांगते. अ‍ॅसिटोन आणि थिनर प्लास्टिक व रेझिनला वर्ज्य. धातूच्या सैनिकावर अ‍ॅसिटोन चालते, पण त्याने चिकटवलेले हातपायही सुटतात, वाफ फार ज्वालाग्राही असते, आणि नायट्राइलच्या हातमोज्यातून ते पाहता पाहता आरपार जाते. हार्डवेअरच्या दुकानातल्या काही पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते. त्याची वाफ फुप्फुसांतून गेल्यावर शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेने २०१९ साली घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली. पाचशे रुपयांच्या मॉडेलसाठी ते घरात आणण्याचे काहीच कारण नाही. ब्रेक ऑइल रंग काढते हे खरे, पण ते विषारी आहे, गोडसर असल्याने लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना धोक्याचे आहे, आणि वापरून झाल्यावर टाकायचे कुठे याला घरगुती उत्तर नाही. मोरी तुंबल्यावर टाकायच्या पुडीत कॉस्टिक सोडा असतो. तो इनॅमल फोडतो, पण पाण्यात पडताच उकळी येईल इतका तापतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, आणि जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमला लागला तर हायड्रोजन सुटतो. आणि कोणत्याही कारणाने दोन साफसफाईची द्रवे एकत्र करू नयेत. कपड्यांचे ब्लीच आणि संडासाचे आम्ल एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. दोन्हींनी फुप्फुसे होरपळतात. एक द्रव चालला नाही म्हणून त्यातच दुसरे ओतण्याचा मोह तरुण मुलांना फार होतो, आणि त्याबाबत मी आवाज चढवून बोलते.

"नैसर्गिक आहे, म्हणजे चालेल ना?" हेही नेहमी विचारले जाते. संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या तेलात लिमोनिन असते, आणि लिमोनिन पॉलिस्टायरीन विरघळवते; थर्माकोल जिरवायला ते मुद्दाम वापरतात. सालीच्या तेलाचा सुगंधी क्लीनर मुलांच्या हाताला सोसेल, पण सैनिकाला सोसेल याची खात्री नाही. उलट धुण्याचा सोडा कारखान्यातून येतो, तरी कोमट पाण्यातल्या त्याच्या द्रावणात इनॅमलचे मॉडेल ठेवले तर तेलाच्या जातीचा तो रंग हळूहळू कमजोर होतो आणि प्लास्टिक तसेच राहते. वेळ लागतो, हातमोजे लागतात, जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम मात्र त्यापासून दूर ठेवावे लागते. पाणी कोमटच हवे. उकळत्या पाण्याने भाल्याची काठी आणि तलवारीचे पाते वाकते. या सगळ्या निवडीत माझा कल एकाच बाजूला आहे: द्रव जितके सौम्य घेता येईल तितके घ्यावे आणि उरलेले काम वेळेवर सोपवावे. रात्रभर ठेवून निम्माच रंग सुटला तर आणखी एक रात्र ठेवावी. तीव्र द्रवाने वाचवलेले तास शेवटी झिजलेल्या चेहऱ्याच्या रूपाने भरून द्यावे लागतात.

वेळेवर सोपवणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. आधी एकच आकृती, तीही सर्वांत नको असलेली, बुडवावी आणि थोड्या थोड्या वेळाने काढून तळाच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, नखाने दाबून पाहावी. पृष्ठभाग चिकट किंवा मऊ लागला तर लगेच बाहेर काढून साबणाने धुवावी. काचेची झाकणाची बरणी घ्यावी. प्लास्टिकचा पातळ पेला घेऊ नये, कारण तो स्वतःच पॉलिस्टायरीनचा असू शकतो. लोणच्याची रिकामी बरणी चालेल, पण एकदा या कामाला लागलेली बरणी पुन्हा स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. तिच्यावर आत काय आहे आणि कोणत्या तारखेला भरले ते मोठ्या अक्षरांत चिकटवावे. थंड पेयाच्या बाटलीत असले द्रव भरून ठेवण्याची पद्धत आपल्या घरांत सर्रास आहे आणि ती जीवघेणी आहे. चुकून कोणाच्या पोटात गेलेच तर उलटी करायला लावू नये, मूळ बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. डोळ्यात उडाले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धूत राहावे आणि मग डॉक्टरांकडे जावे.

जुन्या वस्तूंचा विचार वेगळा करावा लागतो. आजोबांच्या ट्रंकेतून निघालेले धातूचे शिपाई शिशाचे असण्याची दाट शक्यता असते, आणि त्यांच्यावरच्या पिवळ्या-तांबड्या इनॅमलमध्येही शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतले शिसे दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ सालचा आहे आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून; त्याआधीच्या डब्यांबद्दल खात्री धरता येत नाही. असा रंग कोरडा घासू नये, पॉलिश कागद लावू नये, आचेवर धरू नये. ओला ठेवूनच काढावा, खाली वर्तमानपत्र पसरावे, ते गुंडाळून टाकावे, हात साबणाने धुवावेत, आणि हे काम मुलांच्या हाती देऊ नये. खरे सांगायचे तर असा शिपाई फार जुना असेल तर त्याचा मूळ रंग उतरवूच नये असे मला वाटते. तो कोणीतरी हाताने दिलेला असतो आणि उतरवल्यावर परत आणता येत नाही.

वापरलेले द्रव मोरीत ओतायचे नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगते. सुटलेला अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे प्लास्टिकचा चुराच असतो, आणि डेटॉलमधले क्लोरोझायलेनॉल मासे व पाण्यातल्या बारीक जिवांना फार विषारी आहे. आपल्या शहरातले सांडपाणी आणि पावसाचे नाले विश्वामित्रीच्या वाटेवर आहेत, आणि ती नदी मगरींचे घर आहे. पुरात त्या रस्त्यांवर येतात तेव्हा त्यांची आठवण सगळ्यांना होते. आयसोप्रोपिल बरणीत स्थिर ठेवले की रंगाचा गाळ तळाला बसतो. वरचे निवळ द्रव जुन्या सुती कापडातून गाळून पुन्हा वापरता येते, आणि असे कितीतरी वेळा करता येते. गाळ वर्तमानपत्रावर उघड्यावर, ज्योतीपासून दूर वाळू द्यावा आणि वाळलेला पापुद्रा घरातल्या धोकादायक कचऱ्यात वेगळा बांधून द्यावा. डेटॉलही असेच गाळून पुढच्या खेपेला ठेवता येते.

राहता राहिले किल्ल्यावरचे मावळे. ते बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिसचे असतात आणि काही घरांत अजून शाडूचे. शाडू भाजलेली नसते, पाणी लागताच तिचा चिखल होतो. प्लास्टर पाण्यात फार थोडे विरघळते, पण ते सच्छिद्र असते. कोणतेही द्रव ते शोषून घेते, रंग त्या द्रवाबरोबर आत उतरतो, आणि नाक-डोळ्यांच्या कडा भुसभुशीत होऊन ब्रशाबरोबर निघतात. आणणाऱ्या मुलाला याचे वाईट वाटते, पण अशा मावळ्यासाठी कुठलीच बरणी उघडायची नाही. मी तो मऊ कोरड्या ब्रशाने झटकते, जिथे रंगाचे पोपडे आपण होऊन उठले आहेत तेवढेच लाकडी दातकोरणीने सोडवते, खरखरीत राहिलेल्या कडा ओलसर बोटाने हलकेच सारख्या करते, आणि वर पातळ पांढऱ्या रंगाचा एकच हात देऊन तो वाळायला ठेवते. पुढचे अंगरखे आणि पागोटी ज्याची त्याने रंगवायची.